तर्री, डावा कोपरा

६ नोव्हेंबर

कोच मलिकसाहेबांनी संघातल्या बाराही जणांना रोजची नोंद ठेवायला सांगितलंय. झोप किती तास, गुडघा-घोटा-पाठ दहापैकी किती दुखतेय, पाणी किती प्यायलो. बाकीची पोरं मोबाइलवर भरतात. मी एकोणचाळीस वर्षांचा, म्हणून मला वही. पुढून त्यांच्यासाठी लिहितो, मागून माझ्यासाठी. मलिकसाहेब रोहतकचे, त्यांना अक्षरं लागतील पण मराठी लागणार नाही. आणि माझं अक्षर बघता अक्षरंही लागायची नाहीत.

तर नोंद. श्यामकांत, उंची सहा फूट पाच, वजन सांगत नाही. नागपूरला आमच्या खात्याच्या बास्केटबॉल संघात अठरा वर्षं खेळलो, नऊ वर्षं कप्तान होतो. राष्ट्रीय आंतरविभागीय स्पर्धेत चार रौप्यपदकं. चारही फायनल दिल्लीच्या ह्याच संघानं आमच्याकडून काढून घेतल्या, आणि आता मी ह्याच संघात एका हंगामाच्या प्रतिनियुक्तीवर आलोय. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. मी सरळ माशाच्या घरी बिऱ्हाड केलं.

कारण एकच, आणि ते लिहूनच टाकतो म्हणजे पुढे स्वतःशी थापा मारायला नकोत. मला एक सोनं पाहिजे. फेब्रुवारीत फायनल, मार्चमध्ये मी खेळ सोडणार. आमचे नागपूरचे कोच नरसिंह सर, वय पासष्ट, त्यांनी ना-हरकतीच्या कागदावर सही करताना एवढंच म्हटलं, "जा रे भाऊ. माझ्याच्यानं तं देनं झालं नाही तुले, त्यायच्याकून घे." मी पाया पडलो. सरांना पाया पडलेलं आवडत नाही, तरी पडलो.

९ नोव्हेंबर

गाझियाबादला वैशालीत खोली मिळाली. घरमालकीण कुसुमावतीबाई, मूळच्या अमरावतीच्या, यजमान केंद्र सरकारात होते, चाळीस वर्षं दिल्लीत. सकाळी पोळी-भाजी देतात आणि सोबत मतंही देतात. मला मावशी म्हणायला लावलंय. पलंग सहा फुटी आहे, पाय बाहेर राहतात, त्यांनी पायाशी एक स्टूल आणून लावलं.

मेट्रोत उभं राहिलो की डोकं वरच्या दांडीला लागतं. लोक विचारतात, "भाईसाहब, बास्केटबॉल खेलते हो?" मी हो म्हणतो. मग ते म्हणतात, "अच्छा," आणि विषय संपतो.

१५ नोव्हेंबर

धुरकट हवेमुळे बाहेरचा सराव बंद, हॉलमध्ये घेतात. इथे रिवाज आहे की संघात जो शेवटी आला तो चेंडूंची थैली उचलतो. वय बघत नाहीत. आज नवव्यांदा उचलली. मी आपला उचलतो. नागपूरला मीच हा रिवाज बंद करवला होता, पण ते इथे कुणाला सांगायचं.

पहिल्या पाचातला उंच गडी म्हणजे समर्थ. बावीस वर्षांचा, सहा फूट नऊ, आईवडील मराठी पण जन्म-शिक्षण सगळं इथलं. "दादा, यार, तो तुझा खांदा लावायचा मूव्ह एकदा परत दाखव ना," असं बोलतो. दाखवतो. पोरगं गुणी आहे. त्याला उडी मारता येते, उभं राहता येत नाही. मला आता उभंच राहता येतं.

गुडघा सहा.

२१ नोव्हेंबर

एक बरी ओळख झाली. चिराग, अठ्ठावीसचा, संघासाठी सामन्यांचे व्हिडिओ काढतो आणि कापून कापून कोचला दाखवतो. सराव संपल्यावर म्हणाला, "दादा, चाय?" मंडी हाउसच्या बाजूला टपरीवर गेलो. त्याला २०१३ची फायनल ऐकायची होती. अख्खी सांगितली, एक तास गेला. त्यानं मध्ये एकदाही मोबाइल बघितला नाही. आजकाल घरचे लोक एवढं ऐकून घेत नाहीत.

३ डिसेंबर

पहिला साखळी सामना. मी तीन मिनिटं दहा सेकंद खेळलो, दोन रिबाउंड, एक फाउल. बायकोचा, चंद्रप्रभाचा, नागपूरहून फोन आला. तिला सांगण्याआधीच आकडे माहीत असतात, वेबसाइटवर बघते. म्हणाली, "त्यांच्याकडे समर्थ धरून तीन उंच पोरं आहेत. मग तुला काहून नेलं?" मी म्हटलं, अनुभव. ती म्हणाली, "अनुभव बाकावर बसवून ठेवतात का?" मी म्हटलं, तुला ह्यातलं कळत नाही. अठरा वर्षं तिनं स्कोअरशीट भरलंय माझ्या सामन्यांचं, पण असं म्हणायची सवय लागलीय.

८ डिसेंबर

आजचा चहा फार रंगला. चिरागनं विचारलं, तुम्ही लोक मैदानात ओरडता ते काय असतं? त्याला हसूच आवरेना. बाकीचे संघ डाव सुरू करायला आकडे ओरडतात. आम्ही खाण्याच्या नावानं ओरडतो. त्याची गोष्ट अशी की, २०११ला नरसिंह सरांनी एका सकाळी पोह्यांच्या ठेल्यावरच आम्हाला सगळे डाव समजावले, प्लेटा आणि चमचे मांडून. म्हणून "तर्री", पोह्यांवर ओततात तो तिखट रस्सा. उंच गड्यानं, म्हणजे मी, फ्री थ्रोच्या रेषेच्या डाव्या टोकाला खांबासारखं उभं राहायचं. नेमबाज माझ्या आडून डाव्या कोपऱ्यात पळतो, त्याच्या मागे धावणारा माझ्यावर आदळतो, चेंडू कोपऱ्यात, तीन गुण. "गोळाभात" म्हणजे सगळे रिंगखाली गोळा. "पाटोडी" म्हणजे काहीच नाही, नुसतं ओरडायचं, समोरचे भैताड बनतात.

चिराग म्हणाला, तर्री नीट कळली नाही. मी त्याच्या वहीत काढून दिली. पेन त्याचंच. त्यानं विचारलं, इतक्या वर्षांत बदललं नाही का कधी? मी म्हटलं, नरसिंह सर बायको बदलतील, तर्री बदलणार नाहीत. तो खूप हसला आणि हेही लिहून घेतलं.

ह्या संघात निदान एकाला तरी जुन्या खेळाची कदर आहे.

१० डिसेंबर

मावशींना चिरागबद्दल सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, "एवढं लिहून काय घेतो तो?" मी म्हटलं, आवड असते एकेकाला. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षांत ह्या शहरात मला कुणी रोज चहा पाजला नाही हो." मावशी जरा संशयी आहेत. एकट्या राहणाऱ्या बायका होतात तशा.

४ जानेवारी

थंडी भयंकर. गुडघा आठ, पुढच्या बाजूला पाच लिहिला. आठ लिहिला तर यादीतून काढतील.

आम्ही गटात पहिले आलो. माझी आतापर्यंत पाच सामन्यांत मिळून चौदा मिनिटं. मलिकसाहेब माझ्याशी नीट वागतात, "दादा, आप बैठिए" म्हणतात. बसायला सांगतात त्यात आदर आहे, पण बसायलाच सांगतात. कधी कधी वाटतं, चंद्रप्रभाचा प्रश्न बरोबर होता. मग वाटतं, सोनं बाकावर बसून मिळालं तरी ते सोनंच. नावावर लिहिताना बाकावर बसून असं कुणी लिहीत नाही.

१६ फेब्रुवारी

सेमीफायनल जिंकलो. मी एक मिनिट. दुसऱ्या सेमीत नागपूर. शेवटच्या मिनिटाला प्रतीकनं ओढून काढला सामना. एकोणीस वर्षांचं कार्टं होतं तेव्हा मीच नरसिंह सरांकडे नेलं होतं, आता सत्तावीसचा आणि माझ्यानंतरचा कप्तान. मी प्रेक्षकांत बसून बघितला. "तर्री" दोनदा ओरडले, दोन्हीदा गुण. माझ्या जागी एक नवा पोरगा उभा राहतो, पाय थोडे जवळ ठेवतो.

म्हणजे फायनल आमची आणि आमची. हे वाक्य तसंच राहू दे.

१८ फेब्रुवारी

उद्या फायनल. दुपारी मीटिंग झाली. पडद्यावर चिरागनं एकेक पान लावलं. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत "तर्री", खाली माझं चित्र. म्हणजे मी वहीत काढलेलं, त्यानं फोटो काढून लावलेलं. बाण माझे, डाव्या कोपऱ्यातला गोल माझा. पुढच्या पानावर गोळाभात. मग पाटोडी, "इस पर कोई नहीं हिलेगा." एकूण अकरा डाव, बाकीचे आठ पुढच्या चहांवर मीच सांगितलेले. नऊ डिसेंबरपासून पोरांकडून हे पाठ करून घेतायत, मला जो "बचाव का ड्रिल" म्हणून माहीत होता तो हाच. मी त्यात कडेला उभा राहून टाळ्या वाजवायचो.

मलिकसाहेब म्हणाले, "दादा का धन्यवाद करो सब." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. समर्थनं माझी पाठ थोपटली. मी हात वर केला.

मीटिंगनंतर चिरागला बाजूला घेतलं. विचारलं, म्हणजे हे ठरवून? तो गडबडला. म्हणाला, "दादा, मुझे लगा आपको पता है. आपको लाए ही इसीलिए हैं." त्याच्या चेहऱ्यावरून तो खरं बोलत होता. त्याला वाटलं, मी समजूनउमजून देतोय.

संध्याकाळी पहाडगंजला गेलो. नागपूरचा संघ तिथल्या एका हॉटेलात उतरलाय. मी त्यांना सांगायला गेलो होतो. हे स्पष्ट लिहून ठेवतो, मी सांगायलाच गेलो होतो.

गच्चीवर सगळे बसले होते. सरांनी घरून चिवडा आणला होता, माझा वाटा वेगळ्या डब्यात. सगळी पोरं उठून भेटली, प्रतीकनं मिठीच मारली. "दादा, तू वाळलास यार." मग नरसिंह सरांनी स्वतःच विषय काढला, सगळ्यांसमोर. "हे पोट्टे म्हनत होते, सर, इशारे बदलून टाका, श्यामदादा तिकडं गेला. म्या म्हटलं, श्याम तिकडं हाये म्हनून तं बदलाचे नाही."

पोरं हसली. मीही हसलो. चिवडा खाल्ला. जिना उतरताना प्रतीक खालपर्यंत सोबत आला, रस्त्यावर पाच मिनिटं उभे होतो, तेव्हाही सांगता आलं असतं. त्यानं विचारलं, गुडघा कसाय? मी म्हटलं, ठीक. तो म्हणाला, "उद्या तू खेळावास असं वाटतं रे, पण खेळू नयेस असंही वाटतं." मी म्हटलं, चल, येतो.

का बोललो नाही त्याची कारणं मेट्रोत तयार करत होतो. एका रात्रीत अकरा डाव बदलता येत नाहीत, नुसतीच घबराट होईल. मी आता ह्या संघाचा नोकर. सरांचं मन मोडेल. सगळी कारणं बरोबर आहेत. खरं कारण सहा नोव्हेंबरला लिहिलंय.

१९ फेब्रुवारी

जिंकलो. ७१-६९.

सविस्तर लिहितो, कारण पुढे चार लोक चार तऱ्हेनं सांगतील.

पहिला अर्धा भाग बघवत नव्हता. प्रतीक "तर्री" म्हणायचा आणि त्याचा नेमबाज निघायच्या आधी आमची दोन पोरं डाव्या कोपऱ्यात हजर. गोळाभातला समर्थ आधीच रिंगखाली. पाटोडीला कुणी हललं नाही. मध्यंतराला चौदा गुणांनी पुढे होतो. प्रतीक एकदा आमच्या बाकाकडे वळला, माझ्याकडे नाही, नुसता बाकाकडे. त्याला वाटलं असेल, आमचा सराव चांगला आहे. माणूस जे वाटून घ्यायचं ते वाटून घेतो.

तिसऱ्या भागात नरसिंह सरांनी इशारे ओरडणंच बंद करवलं. पोरं सुटी खेळायला लागली, जशी गल्लीत खेळतात. चौदाचे आठ झाले, आठाचे चार. शेवटच्या मिनिटात समर्थचा पाचवा फाउल, म्हणजे तो बाहेर. दुसऱ्या उंच पोराचा घोटा सेमीतच गेला होता. तिसऱ्याचे चार फाउल आणि त्याला घाम फुटलेला. मलिकसाहेबांनी बाकावरून नजर फिरवली आणि माझं नाव घेतलं.

अकरा सेकंद राहिलेले, आम्ही दोननं पुढे, चेंडू त्यांचा. माझ्याकडे काम एवढंच की त्यांच्या उंच पोराला चिकटून राहायचं. प्रतीक मध्यरेषेवर चेंडू आपटत होता. त्यानं मला बघितलं. आणि दिवसभर जे एकदाही चाललं नव्हतं तेच ओरडला, "तर्री."

माझी पावलं वर गेली. फ्री थ्रोच्या रेषेचं डावं टोक. पाय फाकवून, हात छातीशी, हनुवटी खाली. आमचाच गार्ड प्रतीकमागे धावत आला आणि माझ्यावर धाडकन आदळला. आम्ही दोघंही पडलो. प्रतीकनं चेंडू देऊन कोपरा गाठला होता, चेंडू परत त्याच्याकडे आला, आणि पंधरा फुटांत त्याच्याजवळ कुणी नव्हतं. सगळ्या आयुष्यात इतका मोकळा नेम मी कुणाला मिळवून दिला नाही.

चेंडू हवेत होता तेव्हा मला वाटलं, जावा आत. रिंगच्या मागच्या कडेवर आपटून बाहेर आला, भोंगा वाजला, आणि मी जमिनीवरून उठून दोन्ही हात वर करून ओरडलो. दोन्ही गोष्टी मीच केल्या, तीन सेकंदांच्या आत.

मलिकसाहेबांनी मिठी मारून म्हटलं, "दादा, आपने तो बीच सड़क पे जाम लगा दिया था, शुक्र है बच गए." सगळे हसले. म्हातारा गडी, पाय अडकला, असंच सगळ्यांना वाटलं. पदक गळ्यात घातलं. जड आहे.

मग प्रतीक आला. डोळे लाल. मला बाजूला ओढून म्हणाला, "तू उतरलास ना, तेव्हा वाटलं आता तर्री लागेल. तू उभा राहिलास रे दादा. मीच घालवली." त्यानं वळून आपल्या पोरांना सांगितलं, "बघा, विसरला नाही." पोरं एकेक करून मला भेटून गेली. नरसिंह सर लांबून हात जोडून उभे होते. मीही जोडले.

२१ फेब्रुवारी

चिराग भेटला. चहा नाही म्हटलं. तो म्हणाला, शेवटचे अकरा सेकंद त्यानं वीसेक वेळा बघितलेत. मग म्हणाला, "वो क्लिप मैंने रिपोर्ट में नहीं डाली." एवढंच बोलून गेला. मी विचारलं नाही की त्याला त्यात काय दिसलं. मुद्दाम केलं की सवयीनं, मला मात्र माहीत नाही. सवय होती, असं सांगायला सोपं आहे. चौदा वर्षं तो शब्द ऐकून तिथे जाऊन उभा राहिलोय, बैलाला घर दाखवावं लागत नाही. पण सवयच होती तर त्याचं श्रेय माझं नाही, आणि त्या पोरांनी मला दिलेलं प्रेम फुकटचं आहे. आणि मुद्दाम केलं असेन, तर मग वहीत काढून दिलेलं चित्रही मुद्दामच असणार, एवढा काही मी भोळा नाही. एक धरलं की दुसरं धरावं लागतं. गच्चीवर गप्प बसलो ते तर सवयही नव्हे आणि चूकही नव्हे.

मावशींना पदक दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजूंनी बघितलं, देवासमोर ठेवलं, साखर ठेवली. म्हणाल्या, "आनंद दिसत नाही तोंडावर." मी म्हटलं, थकलोय. चंद्रप्रभाला रात्री करायचा राहिलेला फोन सकाळी केला. तिला सगळं सांगितलं, वहीसकट. ती मग म्हणाली, "प्रतीकला सांग. पेपरात येईल म्हणून नाही, तो तुझं कौतुक करत फिरायच्या आधी सांग."

२३ फेब्रुवारी

गुडघा तीन. गंमत आहे.

आज सकाळी प्रतीकला फोन केला. मागे मैदानाचा आवाज होता, चेंडू आपटत होते, म्हणजे त्यांचा सराव सुरूही झाला. मी थांबलो असतो तर परत बोललो नसतो, म्हणून एका दमात सांगितलं. चहा, वही, तर्रीचं चित्र, पडद्यावरची अकरा पानं, टाळ्या. मला आधी कळलं नव्हतं तेही सांगितलं आणि कधी कळलं तेही.

तो म्हणाला, "म्हणजे गच्चीवर आलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

मी हो म्हटलं.

मागे कुणीतरी त्याला हाक मारत होतं, त्यानं ओ दिली नाही. मला वाटलं शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं, त्याच्या शिव्या मीच शिकवलेल्या आहेत. मी म्हटलं, सरांनाही आजच फोन करतो.

"सरांना सांगू नका," तो म्हणाला. "ते रोज पोरांना सांगतायत, शेवटच्या क्षणी श्याम आपल्यासाठी उभा राहिला. परवा सांगताना रडले. तुम्ही आलात की पदक घेऊन या, त्यांना सगळ्यांच्या हातात द्यायचंय."

मी म्हटलं, प्रतीक, ऐक. तो म्हणाला, सराव चालू आहे, ठेवतो.

नागपूरचं तिकीट एक मार्चचं आहे. सरांचा निरोप दुपारी आला, स्टेशनवर सगळा संघ न्यायला येणार आहे. मी बरं म्हणून कळवलं.